अक्षरी रुपये आणि इतर सुटे भाग

सावद्याच्या केळी व्यापाऱ्याच्या बिलात वरचे रकाने धंद्याचे असतात: वजन, क्विंटलचा भाव, फरक, हमाली. तळाची ओळ मात्र केळीची नसते. ‘अक्षरी रुपये’ ही ओळ जिनिंगच्या पावतीवर, पतसंस्थेच्या व्हाउचरवर, शाळेच्या फीच्या पावतीवरही असतेच. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती एकदा नीट लिहावी आणि जन्मभर वापरावी. प्रत्यक्षात आपली मुलं ती दर प्रोजेक्टला नव्याने लिहितात, नाहीतर मागच्या प्रोजेक्टमधून उचलून चिकटवतात. चिकटवणं म्हणजे पुनर्वापर नव्हे. एका ठिकाणी चूक सापडून दुरुस्त झाली, तरी बाकीच्या पाच ठिकाणी ती तशीच नांदते.

ही तक्रार सॉफ्टवेअरच्या धंद्याइतकीच जुनी आहे. ऑक्टोबर १९६८मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने भरवलेल्या परिषदेत बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरच्या सुट्या भागांचा कारखाना हवा, अशी मागणी केली. साइन काढणारं साधं फंक्शन घ्या, त्याचेही वेगवेगळ्या अचूकतेचे आणि वेगाचे नमुने कॅटलॉगमधून निवडता आले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. सावद्यात मोटारपंप दुरुस्त करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. ६२०५ नंबरची बेअरिंग कुठल्याही कंपनीची आणा, आतून २५ मिलिमीटर आणि बाहेरून ५२ भरणारच. आत गोळ्या कशा बसवल्यात ते त्याला बघावं लागत नाही. हीच गोष्ट डेव्हिड पार्नास यांनी १९७२च्या एका निबंधात प्रोग्रॅमसाठी मांडली: पुढे बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या पोटात दडवा, बाहेरच्याला त्याचा पत्ता लागू देऊ नका. या विषयावर पुढे आलेल्या बहुतेक पुस्तकांत मला तरी याच वाक्याचा विस्तार दिसतो.

आपल्याकडे हा धडा आला तो नागपूरमार्गे. यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ हे बीपीबी प्रकाशनाचं पुस्तक फैजपूर, भुसावळ, जळगावच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नाही असं होणं कठीण. सोपं इंग्रजी, छोटे पूर्ण प्रोग्रॅम आणि ओळीओळीचं स्पष्टीकरण ही त्याची ताकद. टर्बो सीच्या काळातल्या आवृत्त्यांत फंक्शनच्या प्रकरणात एक छोटा भाग होता: स्वतःचं फंक्शन लायब्ररीत कसं घालायचं. फॅक्टोरियलचं फंक्शन वेगळ्या फाइलीत लिहा, कंपाइल करून ऑब्जेक्ट फाइल बनवा, ‘टीलिब’ नावाच्या साधनाने ती लायब्ररीत टाका, वापरणाऱ्यासाठी हेडर फाइल द्या. इतकंच. सुटा भाग बनवण्याचा अख्खा विधी त्या पानांत होता. परीक्षेला येत नाही म्हणून तो किती जणांनी करून पाहिला असेल, ते प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावं.

पण विधी कळला म्हणजे भाग जमला असं नाही. अक्षरी रुपयांचंच घेऊ. इंग्रजीत ९९पर्यंत जायला २८ शब्द पुरतात: शून्य ते एकोणीस, आणि वीसपासून नव्वदपर्यंतचे दशक. मराठीत ते चालत नाही. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न यांत दोनाचं रूप दर वेळी बदलतं. एकोणतीस, एकोणचाळीस करत आपण एकोणनव्वदपर्यंत शिस्तीत जातो आणि शेवटी नव्व्याण्णव येऊन नियम मोडतो. म्हणून नियम लिहिण्याच्या फंदात न पडता सरळ सगळ्या शब्दांचा तक्ता ठेवावा. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ म्हणण्याची पद्धत आली आणि गदारोळ उठला, प्रोग्रॅमर मंडळी तेवढी खूश झाली असती.) मग शंभर आणि एकशे यांतला फरक सांभाळा, हजार, लाख, कोटी लावा, की फंक्शन तयार.

आता खरा प्रश्न. या फंक्शनने ‘रुपये’ हा शब्द स्वतः जोडावा का? शेवटचं ‘फक्त’? उत्तर स्क्रीनवर छापावं, की नुसतं परत करावं? केळीच्या बिलासाठी लिहिणारा सगळं आतच घालतो. मग पतसंस्था येते, तिला पैसेही अक्षरी हवे असतात. शाळेला गुणपत्रिकेवर नुसती संख्या हवी असते, रुपये नकोत. तेव्हा कळतं की त्या फंक्शनला केळी तर सोडाच, रुपयेसुद्धा माहीत असायला नको होते. संख्या घ्यावी, शब्द द्यावेत आणि गप्प बसावं. पुस्तक भाग कसा बांधायचा हे शिकवतं. त्यातून काय वगळायचं हे दुसरं गिऱ्हाईक शिकवतं.

फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये या मेहनतीचा भावही सांगितला होता: आपल्यापुरता चालणारा प्रोग्रॅम इतरांना वापरण्याजोगा करायला निदान तिप्पट खर्च येतो. नंतर व्हिज्युअल बेसिक आणि डेल्फी आले, तयार बटणं ओढून फॉर्मवर टाकता येऊ लागली, आणि भाग वापरणारे वाढले. बनवणारे त्या मानाने थोडेच राहिले. १९९४चं ‘डिझाइन पॅटर्न्स’ त्याच्या २३ नमुन्यांसह मुलाखतीसाठी पाठ केलं गेलं. ते पुस्तक दोन-तीन प्रोजेक्ट अंगावर आल्यावरच वाचावं, आधी नको.

दुसऱ्याचा भाग डोळे मिटून घेतला तर काय होतं, याचं एक फार महाग उदाहरण ४ जून १९९६चं. एरियन ५ रॉकेटमध्ये एरियन ४चा दिशादर्शक कोड तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. तो आकडा १६ बिटांत मावला नाही, आणि उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत सगळं संपलं. गंमत म्हणजे कोडचा तो तुकडा उड्डाणानंतर लागतच नव्हता. मार्च २०१६मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा ११ ओळींचा भाग त्याच्या लेखकाने इंटरनेटवरून काढून घेतला आणि जगभरचे प्रोजेक्ट अडले. इतक्या ओळी आपल्या आपण लिहाव्यात, हे माझं मत.

चांगला भाग कसा असतो तेही रोज हातात असतं. मोबाइलवर ‘कि’ लिहिताना वेलांटी क-नंतर टाइप होते, दिसते मात्र आधी. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्समध्ये ही मांडणी ‘हार्फबझ’ नावाचा एकच भाग करतो. त्याचं नाव न घेता खानदेशात रोज केळीचे भाव व्हॉट्सॲपवर फिरतात.

आपल्या परिसरातल्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना एक विनंती. जर्नलमध्ये तेच ते प्रोग्रॅम पुन्हा लिहून घेण्याऐवजी एका वर्गाने भाग लिहावा आणि दुसऱ्या वर्गाने, आतला कोड न उघडता, फक्त हेडर आणि सोबतची टीप वाचून तो आपल्या प्रोजेक्टमध्ये वापरावा. गुण वापरणाऱ्यांनी द्यावेत. सुरुवात अक्षरी आकड्यांपासून करा, आणि तपासताना शून्य, नव्व्याण्णव, शंभर, एकशे एक आणि एक लाख एवढे आकडे आधी घालून पाहा.