धूळ, वाळू, पाणी आणि पिस्तूल : वेरिबीच्या पठारावरचा धडा

वेरिबीहून जिलाँगच्या दिशेने निघाले की लिटल रिव्हर लागते आणि यू यांग्जचे ग्रॅनाइटचे डोंगर जवळ येऊ लागतात. याच परिसरात ईगल पार्क हे नेमबाजीचे मोठे मैदान आहे. मेलबर्नच्या पश्चिमेकडील हे बेसाल्टचे पठार ऑटवे डोंगरांच्या पर्जन्यछायेत येते. त्यामुळे उन्हाळ्यात उत्तरेचा तप्त वारा सुटला की बारीक धूळ नाकातोंडात जाते. हिवाळ्यात तीच माती बुटांना चिकटून पायाचे वजन दुप्पट करते. दक्षिणेला पोर्ट फिलिप उपसागर आहे आणि त्याची खारी हवा पठारापर्यंत येते. दख्खनच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. यंत्राच्या दृष्टीने मात्र धूळ, चिखल आणि क्षार हे तिन्ही शत्रू येथे एकाच पत्त्यावर राहतात.

वेरिबी, टार्नीट, पॉइंट कुक या पट्ट्यात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावली आहेत. त्यांतील कोणी खेळ म्हणून पिस्तूल नेमबाजीकडे वळतो, कोणी सशस्त्र सुरक्षारक्षक किंवा पोलीस होण्याची वाट धरतो. हत्याराच्या निगेविषयी शोध घेताच त्याच्यासमोर येतो तो अमेरिकी सल्ल्यांचा डोंगर, आणि तो सगळा ‘रोज कमरेला बाळगण्याच्या’ पिस्तुलाविषयी असतो. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट असावी : व्हिक्टोरियात सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगून हिंडता येत नाही. स्वसंरक्षण हे परवान्यासाठी ग्राह्य कारणच नाही. २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यानंतर देशभर शस्त्रकायदे कडक झाले. २१ ऑक्टोबर २००२ रोजी मोनाश विद्यापीठाच्या क्लेटन आवारात दोन विद्यार्थ्यांची हत्या झाली आणि पुढच्या वर्षी पिस्तुलांवर आणखी मर्यादा आल्या. खेळासाठीच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाची नळी किमान १२० मिलिमीटर हवी, मॅगझिनमध्ये दहापेक्षा अधिक गोळ्या मावता कामा नयेत, असे ते नियम आहेत. खिशात मावणारे छोटे पिस्तूल त्यामुळे क्रीडा परवान्यातून आपोआप बाद होते. हा तपशील येथे रुक्ष वाटेल, पण ज्यांचे वास्तव्य व्हिसावर अवलंबून आहे त्यांना तो महाग पडू शकतो. बारा महिने वा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झालेली व्यक्ती स्थलांतर कायद्याच्या चारित्र्य-निकषात नापास ठरते.

तर मग येथे पिस्तूल बाळगतो कोण? पोलीस, रोकड वाहून नेणारे रक्षक आणि मैदानापुरते खेळाडू. या तिघांनाही एकच प्रश्न असतो : हे यंत्र ऐनवेळी चालेल ना?

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे चक्र सेकंदाच्या अंशात पुरे होते. गोळी सुटते, तिच्या प्रतिक्रियेने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते, मुख्य स्प्रिंग दाबते आणि त्याच स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस ढकलत नळीत बसवते. या सगळ्या कामांसाठी स्लाइडकडे गतीची ठरलेली पुंजी असते. धुळीचा प्रत्येक कण त्या पुंजीतून थोडी वसुली करतो. मागे जाताना स्फोटाचा जोर असल्यामुळे ती सहसा निभावते. पुढे येताना मात्र केवळ स्प्रिंगचा आधार असतो. म्हणून मळलेले पिस्तूल बहुधा शेवटच्या काही मिलिमीटरांत अडते. स्लाइड पूर्ण बंद होत नाही, आणि अर्धवट बंद स्थितीत गोळी सुटू नये अशीच आतली योजना असल्याने चाप ओढूनही काही घडत नाही.

यावर रचनाकारांनी शोधलेला उपाय म्हणजे भागांमध्ये थोडी सैल जागा ठेवणे. स्पर्धेचे नेमके पिस्तूल घट्ट बसवलेले असते. सैनिकाचे किंवा पोलिसाचे त्यामानाने ढिले, कारण त्या फटीत मळाला जायला जागा मिळते. मार्च १९११ मधील अमेरिकी लष्कराच्या चाचणीत जॉन ब्राउनिंग यांच्या कोल्ट पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. तापले की ते पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू करायचे, असा तो प्रकार होता. ते एकदाही अडले नाही. स्पर्धक सॅव्हेज ३७ वेळा अडले. याउलट जर्मन लुगर हे कारागिरीचा नमुना असलेले पिस्तूल पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतील चिखलात हळवे ठरले. त्याचा सांध्यावर दुमडणारा वरचा भाग उघडा होता आणि सगळे भाग फार नेमके बसवलेले होते.

रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही, हा समजही तपासून घ्यावा. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली वाळूचे चार कण किंवा न जळलेली दारू अडकली, तर सिलिंडर फिरेनासा होतो, आणि ती अडचण भर मैदानात हाताने सोडवणे पिस्तुलापेक्षा कठीण. व्हिक्टोरिया पोलिसांनी २०१० पासून आपली जुनी .३८ रिव्हॉल्व्हरे बाजूला करून स्मिथ अँड वेसनची .४० बोअरची अर्धस्वयंचलित पिस्तुले स्वीकारली.

अनुभवी नेमबाजाला विचारले तर तो पिस्तुलाआधी मॅगझिनकडे बोट दाखवील. ही पत्र्याची पेटी जमिनीवर पडते, धुळीत लोळते आणि तशीच पुन्हा मुठीत सरकवली जाते. इराकमध्ये अमेरिकी सैनिकांची बेरेटा एम-९ पिस्तुले अडू लागली तेव्हा दोष पिस्तुलात शोधला गेला; तो निघाला मॅगझिनच्या आतल्या खरबरीत फॉस्फेट लेपात. तेथील पिठासारखी बारीक वाळू त्या लेपाला धरून बसत होती आणि गोळ्या वर ढकलणारा तुकडा अडत होता. नंतरच्या मॅगझिनना गुळगुळीत कोरडा लेप देण्यात आला. ईगल पार्कसारख्या मैदानावर धावत नेमबाजी करणाऱ्यांनी यातून घेण्याचे एवढेच की प्रत्येक फेरीनंतर मॅगझिन झटकावे, दिवसअखेर उघडून कोरड्या कापडाने आणि ब्रशने पुसावे आणि आत तेल घालू नये. तेथील तेल धुळीचा चिखल करते, शिवाय काडतुसांना लागते.

पिस्तुलाच्या इतर भागांत तेल किती घालावे, यावर मतभेद आहेत. ‘वाळवंटात कोरडे ठेवा’ हा जुना सल्ला, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु अमेरिकी लष्कराने एम-४ रायफलींवर केलेल्या धूळचाचण्यांत भरपूर वंगण घातलेल्या रायफली कमी वंगणाच्या रायफलींपेक्षा कमी अडल्या. २००७ च्या अखेरच्या चाचणीत ६०,००० गोळ्यांमागे एम-४ चे ८८२ अडथळे नोंदले गेले, तर एक्सएम-८ चे १२७. म्हणजे वंगणाने मदत होते, पण मूळ रचनेतला फरक वंगणाने बुजत नाही. रायफलचा निष्कर्ष पिस्तुलाला जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे ठरेल. व्यवहारात स्लाइडच्या रुळांवर आणि नळी जेथे घासते तेथे तेलाचा पातळ थर, फायरिंग पिनच्या खोबणीत तेल अजिबात नाही, ही बहुतेक उत्पादकांची शिकवण आजही सर्वांत सुरक्षित आहे. तेल थंडीत घट्ट होते. पिनच्या खोबणीत ते साचले तर पिनेचा आघात मंदावतो आणि गोळी उडत नाही.

थंडीचा हा विषय पुण्याशी जोडलेला आहे. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने आखलेल्या इन्सास रायफलींविषयी १९९९ च्या कारगिल युद्धात गोळ्या अडकल्याच्या आणि प्लॅस्टिकच्या मॅगझिनना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. याच संस्थेच्या नव्या कार्बाइनची अखेरची वापरकर्ता चाचणी ७ डिसेंबर २०२० रोजी झाली. त्याआधी तिला कडक उन्हाळ्यातून आणि उंच डोंगरी हिवाळ्यातून जावे लागले होते. प्रयोगशाळेतला तपमापक आणि द्रासची रात्र यांतले अंतर शिकायला किंमत मोजावी लागली.

पाण्याचे दोन प्रश्न आहेत, आणि ते बऱ्याचदा एकच समजले जातात. पहिला तात्काळ धोक्याचा. पाणी दाबले जात नाही. नळीत पाण्याचा खांब राहिला असताना गोळी झाडली तर नळी फुगू वा फाटू शकते. म्हणून भिजलेले पिस्तूल तोंड खाली करून, स्लाइड किंचित मागे ओढून निथळू द्यावे. वरून हवा शिरली की अडलेले पाणी खाली उतरते. चिखल शिरला असेल तर नळी तपासल्याविना झाडूच नये, आणि ती तपासणी पिस्तूल पूर्ण रिकामे करूनच. फायरिंग पिनभोवतीही पाणी साचून तिची गती मंदावते. ऑस्ट्रियाच्या लष्करासाठी १९८२ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या ग्लॉक पिस्तुलासाठी यासाठी वेगळ्या स्प्रिंग-वाट्या मिळतात, ज्यांतून पाणी बाजूने निसटते.

दुसरा प्रश्न सावकाश खाणारा, गंजाचा. वेरिबी साउथच्या किनाऱ्यावर भिजलेले हत्यार केवळ पुसून ठेवणे पुरेसे नाही. क्षार धातूच्या सूक्ष्म छिद्रांत राहतात आणि हवेतला ओलावा ओढत राहतात. आधी गोड्या पाण्याने धुवावे, पूर्ण सुटे करून वाळवावे, मगच तेल लावावे. क्षारांवर चोळलेले तेल गंजाला झाकते, थांबवत नाही. जुन्या निळसर मुलाम्याच्या पोलादापेक्षा नायट्राइड केलेला पृष्ठभाग बराच टिकतो. स्टेनलेस पोलादही शेवटी डागाळतेच.

ज्यांना नोकरीमुळे दिवसभर पिस्तूल कमरेला वागवावे लागते, त्यांचा शत्रू समुद्र नसून घाम असतो. घामात मीठ आहे आणि अंगाशी चोवीस तास ऊब आहे; मुंबईच्या दमट हवेत बंदोबस्तावर उभा राहिलेला कोणीही पोलीस हे सांगेल. त्यात कपड्यांची लव मिसळते. न झाडलेले पिस्तूल स्वच्छच असणार, हा गैरसमज येथूनच येतो. चामड्याचे म्यान ओलावा धरते, म्हणून रात्री हत्यार त्यातच ठेवू नये. ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील संभल येथे चकमकीत हत्यार अडल्यावर एका पोलिसाने तोंडाने ‘ठांय ठांय’ असा आवाज काढला आणि देश हसला. हसण्याआधी त्या क्षणी समोर खरी गोळी असण्याची शक्यता होती, हे मात्र विसरले गेले.

काडतुसांचेही आयुष्य असते. रोज मॅगझिनमधून काढून पुन्हा भरलेले एकच काडतूस हळूहळू पुंगळीत आत दबते आणि झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. पातळ, झिरपणारी तेले प्रायमरपर्यंत पोचतात व तो निकामी करतात. म्हणून कामावरच्या गोळ्या ठरावीक काळाने मैदानावर झाडून संपवाव्यात आणि नव्या भराव्यात.

चाप ओढल्यावर केवळ ‘टक्’ झाले, तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबण्याची शिकवण आहे. ओलसर प्रायमर कधी कधी उशिरा पेटतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर आणखी सावध व्हावे लागते. गोळी नळीतच अडकली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुटते. अशा वेळी मैदानावरचा अधिकारी हात वर करून झाडणे थांबवतो, पिस्तूल रिकामे करवतो आणि नळीतून सळई घालून पाहतो. तोवर रांगेतल्या कोणीही पुढच्या फेरीसाठी मॅगझिन भरायचे नसते.