बुडालेल्या खलाशाचे वारस

मुंबईतल्या इंडियन सेलर्स होममध्ये एक नामावली आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात नाहीसे झालेले रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेहून अधिक नाविक आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास ६,००० भारतीय खलाशी तिच्यात आहेत. तशीच एक नामावली चितगावच्या युद्धस्मशानभूमीत ठेवली आहे. नाव, हुद्दा, जहाज, तारीख, कुठे बापाचं नाव, कुठे बायकोचं, आणि पुढे 'रत्नागिरी'. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा किनाराही येत असे, म्हणजे या एका शब्दाने बाणकोटपासून वेंगुर्ल्याच्या खालपर्यंतचा किनारा मोकळा राहतो. अशा खलाशाच्या घराण्याचा माग काढणारे बहुधा जहाजाच्या मागे लागतात: पाणबुडी कोणती, टॉर्पेडो किती वाजता लागला, ताफा कुठे होता. त्यातून युद्ध कळतं, घर कळत नाही. दर्यावर्दी गरिबाचं घर सरकारने लिहून ठेवलं ते पैसे कुणाच्या हातात द्यायचे हे ठरवताना. म्हणून शोध पैशाच्या कागदापासून सुरू करावा, असं माझं म्हणणं आहे.

१९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात खलाशीही होते. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरी न देता आयुक्ताकडे जमा करायची आणि त्याने ती अवलंबितांत वाटायची, असा नियम होता. विधवा, अज्ञान मुलगे, अविवाहित मुली, विधवा आई ही माणसं जहाजाच्या कुठल्याही हजेरीपटावर दिसणार नाहीत. वाटपाच्या कागदात दिसतात. मात्र युद्धात मेलेल्या खलाशाचं नाव याच फायलींत शोधत बसणं फुकट जाण्याचा संभव मोठा. भारतीय खलाशांसाठी १९४१ साली युद्ध-निवृत्तिवेतनाची वेगळी योजना आली, आणि तिच्यातून पैसे मिळण्याची तरतूद असेल तिथे १९२३च्या कायद्याची भरपाई मिळणार नाही, असं त्या कायद्यातच घातलं गेलं. अपघाताने मेला की शत्रूच्या हल्ल्यात, यावर कागद कुठल्या कपाटात गेला हे ठरतं.

यावर कुणी म्हणेल, पैसा आला की खोटं आलंच. आक्षेप खरा आहे. खलाशाची सेवापुस्तिका, जिला जुनी माणसं नली म्हणत, दुसऱ्याच्या नावावरची असू शके. भरती सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, आणि दलालाच्या मर्जीवर चाले आणि दस्तुरी दिल्याशिवाय जहाज मिळणं कठीण. अशा वेळी नामावलीतला अमुक इब्राहिम हा खरोखर तोच होता कशावरून? पण नेमकं इथेच दाव्याचे कागद उपयोगी पडतात. जहाजावर चढताना नाव तपासायची कुणाला फारशी गरज नव्हती, कारण कंपनीला हात हवे होते. पैसे देताना मात्र ओळख पटवावी लागे. खोट्या नावाची अडचण उघड होते ती तिथेच. जिथे दावा करायला कुणी आलंच नाही तिथे ही वाट बंद होते, हे मान्य केलं पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: गावातल्या म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक असतं, कागद हवेत कशाला? घरातली आठवण नातं बहुधा चोख सांगते. तारीख मात्र सांगेलच असं नाही, आणि त्याला कारण आहे. 'तिलावा' हे ब्रिटिश इंडिया कंपनीचं जहाज मुंबईहून आफ्रिकेला निघालं आणि २३ नोव्हेंबर १९४२ला जपानी पाणबुडीने बुडवलं. २८० माणसं गेली, पण वाचलेल्यांना घेऊन युद्धनौका मुंबईला परतली. साक्षीदार होते, दिवस पक्का होता. जे जहाज एकही माणूस न उरता नाहीसं झालं, तिथे घरच्यांसाठी मृत्यूचा दिवसच नसे. १८७२च्या पुरावा कायद्याप्रमाणे सात वर्षं खबर नसेल तर माणूस मेला असं धरता येई. १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याप्रमाणे नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बायको न्यायालयात जाऊ शके. म्हणून एकाच माणसाचा मृत्यू नामावलीत १९४२चा आणि वारसाच्या कागदात १९४९-५०चा निघाला, तर लगेच ही दोन माणसं आहेत असं ठरवू नये. घाईत घराण्याची एक फांदी विनाकारण छाटली जाते.

जमिनीचे कागद हा तिसरा आधार, पण कोकणात तो उशिरा हाती येतो. खोती गावांत कसणाऱ्या कुळाचं नाव मालकीच्या रकान्यात नसे, म्हणून १९४२च्या फेरफारात खलाशी सापडला नाही तर नवल नाही. १९४९च्या कायद्याने खोती गेली, आणि कूळकायद्याने १ एप्रिल १९५७पासून कुळांना मालकीचा हक्क मिळू लागला. कलम ३२ गच्या चौकशीत वारसांची नावं आली की त्यांच्यामागे बुडालेल्या बापाचंही नाव येतं. गोव्याचं तसं नाही. बोटीवरच्या बटलर-स्वयंपाक्यांत गोवेकर पुष्कळ. ते पोर्तुगालचे प्रजाजन, नोकरीला ब्रिटिश जहाजावर. त्यांच्यासाठी चर्चची बाप्तिस्म्याची वही आधी उघडावी. तिच्यात आईबापांची नावं असतात, आणि मुंबईतल्या ज्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडात, तो खलाशी उतरायचा ती बहुतेक त्याच्या गावाच्याच नावाची असल्याने कुठल्या चर्चची वही मागायची, हेही तिथूनच कळतं.