टेमघरचा चढ, दासव्याचा उतार

पिरंगुटला डावीकडे वळून मुठा गावावरून टेमघर धरणापाशी आलं की रस्ता एकदम चढायला लागतो. धरणाची भिंत वळणागणिक खाली जाते आणि माथ्यावर लवासाची कमान येते. कमानीपलीकडे लगेच उतार, थेट दासव्यापर्यंत, वरसगाव जलाशयाच्या काठाला. तिथून मुगाव, धामणओहोळच्या बाजूला निघालं की पुन्हा चढ. पुण्यातल्या सायकलवाल्यांना हा घाट पाठ आहे. डोंगरातल्या अल्ट्रा शर्यतीची, म्हणजे 42.195 किलोमीटरच्या मॅरेथॉनहून लांब आणि चढउतारांनी भरलेल्या शर्यतीची तयारी करणाऱ्यालाही तो फार उपयोगी आहे. वेग कसा राखायचा आणि शेजारी कुणी धावत असताना तो का सुटतो, या दोन्ही गोष्टी इथे एका सकाळीत कळतात.

सपाटीवर धावणाऱ्याचं सगळं गणित 'किलोमीटरला किती मिनिटं' या एका आकड्यावर चालतं. घाटात त्या आकड्याला अर्थ राहत नाही. अल्बर्टो मिनेट्टी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2002 साली डोंगरात धावणाऱ्या कसलेल्या खेळाडूंना तिरक्या केलेल्या ट्रेडमिलवर पळवून प्रत्येक मीटरला किती ऊर्जा लागते ते मोजलं. त्यांच्या सूत्रानुसार दहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर वर चढवणाऱ्या रस्त्यावर, सपाटीच्या सुमारे 1.65 पट ऊर्जा जाते. वीस टक्क्यांवर अडीच पट. दहा टक्के उतारावर सपाटीच्या साठ टक्के पुरते, वीस टक्के उतारावर निम्मी. त्याहून तीव्र उतारावर मात्र शरीराला स्वतःला सावरण्यातच शक्ती घालवावी लागते आणि चाळीस टक्क्यांच्या उतारावर खर्च पुन्हा सपाटीइतका होतो.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. दहा टक्के चढ आणि तेवढाच उतार मिळून जी ऊर्जा जाते ती तेवढ्याच सपाट अंतरापेक्षा साधारण आठव्या हिश्श्याने जास्त असते. चढावर गेलेलं उतारावर पूर्ण परत मिळत नाही.

आता हे घाटात लावून पाहू. सपाटीवर किलोमीटरला सहा मिनिटं आरामात धावणारी एक मुलगी टेमघरहून निघाली आहे, आणि चढ पाच किलोमीटर, सलग दहा टक्क्यांचा आहे असं समजा. तेवढीच मेहनत ठेवली तर तिचा वेग किलोमीटरला दहा मिनिटांच्या आसपास येईल आणि चढ पन्नास मिनिटांत संपेल. पुढे चाललेल्या बाईला धरून ठेवायचं म्हणून ती नऊ मिनिटांनी गेली, तर माथ्यावर पाच मिनिटं आधी पोहोचेल. पाच मिनिटं कमी नाहीत. पण त्यासाठी मेहनत सुमारे अकरा टक्क्यांनी वाढवावी लागली, आणि हे अकरा टक्के कुठून आले यावर पुढची सगळी शर्यत ठरते.

शरीरात इंधनाचे दोन साठे असतात. चरबी म्हणजे भरलेलं कोठार, पण त्यातून धान्य हळूहळूच निघतं. ग्लायकोजन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, पटकन हाताशी येते, पण ती जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम असते, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. सपाटीवर धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी जाते. साठ किलोच्या माणसाला पन्नास किलोमीटरला तीन हजार कॅलरी लागतात, आणि डोंगर त्यावर आपला वाटा घेतोच. संथ धावलं तर यातला मोठा भाग चरबी उचलते. मेहनत वाढवली की शरीर चरबीकडून साखरेकडे वळतं. त्यामुळे अकरा टक्के जास्त मेहनतीत साखर अकरा टक्क्यांहून बरीच जास्त जळते. ती पाच मिनिटं या छोट्या साठ्यातून विकत घेतलेली असतात.

मग वाटेत खाऊन साठा भरायचा, हे उघड उत्तर आहे. तयारी असलेले धावपटू तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदकं घेतात. काही अव्वल खेळाडू त्याहूनही जास्त पचवतात. पण पोटाचीही एक अट असते. मेहनत खूप वाढली की रक्त पायांकडे आणि, ऊन असेल तर, अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे वळतं. आतड्याला ते कमी पडतं. मळमळ सुरू होते, एनर्जी जेल तोंडात नकोसं होतं, पाणी पोटात डचमळत राहतं. खाणं बंद झालं की साखर संपते, साखर संपली की पाय चालत नाहीत. चाळिसाव्या किलोमीटरला झाडाखाली बसलेला धावपटू बहुतेक वेळा दहाव्या किलोमीटरला बिघडलेला असतो.

म्हणून घाटात घड्याळापेक्षा भरवशाच्या दोन खुणा आहेत. पहिली, चढताना एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता येतं का. दुसरी माथ्यावरची. कमानीपाशी थांबून मीठ लावलेला उकडलेला बटाटा खाऊन पाहावा. आपल्याकडच्या ट्रेल शर्यतींत खाण्याच्या ठाण्यांवर तो असतोच. चिक्की, केळी, खजूर यांच्या शेजारी. घास चावून, गिळून, पाण्याचा घोट घेऊन तिसऱ्या मिनिटाला पाय उताराला लागले तर चढ बेताने झाला. हात गुडघ्यांवर, घास गालात तसाच आणि श्वास जागेवर यायची वाट पाहणं चाललं असेल, तर चढ महाग पडला. घड्याळ यातलं काहीच सांगत नाही. ते फक्त पाच मिनिटं वाचल्याचं सांगतं.

चालण्याची लाज मात्र सोडून द्यावी. तीव्र चढावर, साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे, त्याच गतीने उंची गाठायला धावण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं, हे प्रयोगशाळेत मोजून झालं आहे. जगातले अव्वल धावपटू अशा चढांवर मांड्यांवर हात रोवून किंवा काठ्या टेकत झपझप चालतात. लवासाच्या डांबरी रस्त्यावर ही वेळ क्वचित येते. सिंहगड, राजगड, तोरणा जोडणाऱ्या एसआरटी अल्ट्रासारख्या शर्यतीत ती वारंवार येते.

कमान ओलांडली की उतार लागतो आणि अडचण बदलते. इथे दम लागत नाही, म्हणून सगळे सुटतात. पण प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच ताण झेलतो, ब्रेकचं काम करतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होत जाते. ही इजा त्या क्षणी कळत नाही. दोन-तीन तासांनी पुढच्या उतारावर कळते, जेव्हा पाय टेकल्यावर गुडघा थरथरतो आणि 'क्वाड्स गेले' असं धावणारे म्हणतात. यावर औषध नाही. उपाय एकच, शर्यतीच्या काही आठवडे आधी लांब उतार धावून ठेवणं. एकदा अशी इजा होऊन भरून आली की तेच स्नायू पुढच्या वेळी बरंच जास्त सोसतात. दासव्याचा उतार त्यासाठीच मोलाचा आहे. उतारावर पावलं लहान, भराभर आणि अंगाखाली ठेवली तर प्रत्येक धक्का लहान होतो. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर, सुट्या मुरुमावर आणि कातळावर तर लांब पाऊल टाकण्याची सोयच नसते.

एवढं सगळं माहीत असूनही धावपटू पहिल्याच तासात का फसतात? कारण शर्यतीत दुसरी माणसं असतात. अल्ट्रामधला दबाव शंभर मीटरच्या शर्यतीसारखा समोर दिसत नाही, तो बातमी म्हणून येतो. ठाण्यावर कुणीतरी सांगतं, "पुढचा चार मिनिटं आहे." रात्री वरच्या वळणावर हेडलॅम्प हलताना दिसतो. मागून काठ्यांचा आवाज येतो. यातली एकही गोष्ट आपल्या पायांची स्थिती बदलत नाही, तरी प्रत्येकीनंतर वेग वाढतो.

युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वताभोवती होणारी यूटीएमबी ही या खेळातली सर्वांत चुरशीची शर्यत. 2003 पासून होते, अंतर सुमारे 170 किलोमीटर, एकूण चढ दहा हजार मीटर. शामोनीहून संध्याकाळी सुटते आणि पहिले आठ किलोमीटर जवळजवळ सपाट आहेत. दुतर्फा गर्दी, घंटांचा गजर. पुढे अख्खी रात्र आणि तीन देशांतले डोंगर असताना पुढची फळी हे आठ किलोमीटर छोट्या शर्यतीच्या वेगाने पळते. कुणालाच पहिल्या अरुंद वाटेवर मागे अडकायचं नसतं.

2022 साली तिथे किलियन जोर्नेट आणि अमेरिकेचा जिम वॉल्म्सली रात्रभर पुढे होते. वॉल्म्सलीने आघाडीही घेतली, पण उत्तरार्धात त्याचे पाय गेले आणि तो चौथा आला. जोर्नेटला शेवटी गाठलं ते मॅथ्यू ब्लांशारने, मागून शांतपणे येऊन. जोर्नेटने शेवटच्या टप्प्यात पुन्हा अंतर काढलं आणि 19 तास 49 मिनिटं 30 सेकंदांत जिंकला. त्या वाटेवर वीस तासांच्या आतली ती पहिली नोंद. ब्लांशार पाच मिनिटं वीस सेकंद मागे होता, म्हणजे तोही वीस तासांच्या आत. मला यात दिसतं ते असं की दबाव वाईट नसतो, तो कधी येतो हे महत्त्वाचं. शर्यतीच्या शेवटाकडे आलेल्या प्रतिस्पर्ध्याने जोर्नेटकडून विक्रम करवून घेतला. तोच दबाव विसाव्या किलोमीटरला आला असता तर दोघांनाही महाग पडला असता.

त्याच वर्षी महिलांत केटी शाइड फार वेगात सुटली, मोठी आघाडी घेतली, मग खचली आणि मारियान होगनने तिला मागे टाकलं. बहुतेक शर्यती इथे संपतात. शाइड सावरली, होगन दुखापतीने मंदावली, आणि शाइड तासाहून जास्त फरकाने जिंकली. खचल्यावर खाऊन-पिऊन परत उभं राहता येतं, हे अल्ट्रात घडतं, कारण तेवढा वेळ मिळतो.

वॉल्म्सलीची गोष्ट मात्र सगळ्यांत शिकण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या शर्यतीत 2016 साली तो विक्रमाच्या पुढे धावत होता आणि नव्वद मैलांनंतर एक वळण चुकला, विसावा आला. 2017 ला पुन्हा घड्याळाच्या मागे सुसाट सुटला आणि उन्हात शर्यत सोडावी लागली. 2018 ला, तेही कडक उन्हाच्या वर्षी, 14 तास 30 मिनिटांत विक्रम करून जिंकला आणि 2019 ला तो 14 तास 9 मिनिटांवर आणला. यूटीएमबीसाठी तो फ्रान्सच्या डोंगरात राहायला गेला, तरी 2022 ला तोच धडा पुन्हा मिळाला. 2023 च्या यूटीएमबीत बराच काळ झॅक मिलर पुढे होता. वॉल्म्सलीने त्याला जाऊ दिलं, शेवटच्या भागात गाठलं आणि 19 तास 37 मिनिटांत पहिला आला. मधल्या काही तासांत दुसऱ्याची आघाडी वाढताना पाहत आपल्या मेहनतीवर टिकून राहणं, हे मला त्याच्या सगळ्या विक्रमांहून अवघड वाटतं.

लवासाला याची तालीम करायची असेल तर बरोबर आपल्याहून थोडा वेगवान मित्र घ्यावा आणि दोन फेऱ्या कराव्यात: टेमघर ते दासवे, परत माथ्यावरून टेमघर, आणि तेच पुन्हा. पहिल्या चढावर त्याला खुशाल जाऊ द्यावं, वाक्य बोलता येईल एवढाच जोर ठेवावा. माथ्यावर खावं. प्रत्येक चढाची आणि उताराची वेळ वेगळी टिपावी. घरी आल्यावर चढांच्या वेळांकडे आधी पाहू नये. दासव्याकडचा दुसऱ्या फेरीतला उतार पहिल्या फेरीपेक्षा किती हळू गेला ते पाहावं. एखाद-दोन मिनिटांचा फरक असेल तर पहिला चढ बरोबर गेला. फरक पाच-सहा मिनिटांचा असेल तर पुढच्या रविवारी टेमघरहून निघताना मित्राला आणखी लवकर पुढे जाऊ द्यावं.