विश्लेषण : वाऱ्यापेक्षा वेगाने धावणारी शिडाची गाडी कराडच्या वर्कशॉपमध्ये बनू शकते का?

कराडहून पाटणच्या पुढे वनकुसवडे पठारावर चढले की पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. त्यांची पाती फिरवणारा वारा माणसाला बसवून गाडीही पळवू शकतो. तीन चाके, एक सांगाडा, एक डोलकाठी आणि एक शीड एवढाच तिचा संसार. इंजिन नाही, बॅटरी नाही, पायडल नाही. इंग्रजीत तिला ‘लँड यॉट’ म्हणतात. हौशी मंडळी जगभर ती घरीच बनवतात. तिला लागणारे सगळे सामान कराडच्या बाजारात मिळते. अडचण आहे ती वेगळीच.

ही कल्पना कुठली?

नेदरलँड्सचा गणितज्ञ सायमन स्टेव्हिन याने इ. स. १६००च्या सुमारास राजपुत्र मॉरिससाठी शिडाची मोठी गाडी बनवली. शेवेनिंगेन ते पेटन हा समुद्रकाठचा प्रवास तिने दोनेक तासांत केला आणि गाडीत २८ जण होते, असे सांगितले जाते. खेळ म्हणून ती रुजली विसाव्या शतकात, बेल्जियम आणि फ्रान्सच्या किनाऱ्यांवर. आज तिचे अनेक वर्ग आहेत. त्यातला ‘मिनी’ हा घरगुती कारागिरांचा लाडका. गाडीची तिन्ही चाके ५.६० मीटर दोरीच्या वेढ्यात मावली पाहिजेत, हा त्याचा मुख्य नियम. म्हणजे गाडी पिकअपच्या हौद्यात टाकून नेता येते.

वाऱ्यावर चालणारी गाडी वाऱ्यापेक्षा वेगाने कशी जाईल?

ऐकणाऱ्याला इथे थाप वाटते. वारा ताशी २० किलोमीटरचा असेल तर गाडी २०च्या पुढे गेल्यावर ढकलणार कोण? वारा थेट पाठीमागून असेल, तर ही शंका रास्त आहे. तेव्हा शीड उघड्या छत्रीसारखे काम करते आणि वेग वाऱ्याच्या आतच राहतो.

पण या गाड्या वाऱ्याला आडव्या धावतात. महामार्गावर दुचाकी चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. बाजूने वारा असला, तरी जसजसा वेग वाढतो तसतसा तो समोरून आल्यासारखा वाटतो आणि जास्त जोराने लागतो. शिडालाही तोच वारा लागतो. गाडी पळते म्हणून वारा वाढतो आणि वारा वाढतो म्हणून गाडी आणखी पळते. शिडाचा जोर बराचसा बाजूला असतो, पण चाके बाजूला सरकत नाहीत, ती फक्त पुढे गडगडतात. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो पुढे निसटतो, तसेच. घर्षणाने हा वेग कुठेतरी अडतो. चांगली गाडी मात्र तोवर वाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाला पोचलेली असते.

पवनचक्कीचे पातेही वाऱ्याला आडवेच फिरते. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात मोठ्या पात्याचे टोक ताशी २००हून अधिक वेगाने फिरते. ११ डिसेंबर २०२२ रोजी ऑस्ट्रेलियातील गेर्डनर या कोरड्या क्षारतळ्यावर ग्लेन ॲश्बी याने न्यूझीलंडच्या ‘होरोनुकू’ या गाडीत ताशी २२२.४ किलोमीटरचा विक्रम केला, तोही साधारण ४० किलोमीटरच्या वाऱ्यात. पातेच जणू चाकांवर बसवले होते.

सामान काय लागते?

चाकांपासून सुरुवात करावी, कारण पहिली चूक तिथेच होते. सायकलची चाके हलकी आणि स्वस्त म्हणून मोह होतो. पण सायकल वळताना झुकते, त्यामुळे तिच्या तारांवर आडवा भार फारसा येत नाही. ही गाडी झुकत नाही आणि शीड तिला सतत बाजूला रेटते. दोन फेऱ्यांत चाक ‘आउट’ होते. हात-ट्रॉलीचे किंवा रिक्षाचे चाक जड खरे, पण टिकते. युरोपातल्या गाड्यांना ४.००-८ मापाचा टायर सर्रास असतो आणि तोच आपल्याकडे तीनचाकी रिक्षाला असतो.

सांगाडा चौकोनी पाइपचा, इंग्रजी टी अक्षरासारखा. एक चाक पुढे, दोन मागे. पुढचे चाक पायाने वळवायचे, म्हणजे हात दोरीला मोकळे राहतात. डोलकाठी ॲल्युमिनियमच्या पाइपची किंवा चांगल्या वेळूची. वेळू झोतात वाकतो आणि थोडा वारा सांडून देतो, हा त्याचा गुणच. शिडाला ताडपत्री चालते. जुना फ्लेक्सही चालतो आणि शुभेच्छांच्या फलकांची आपल्या शहरात टंचाई कधीच नसते. मात्र फ्लेक्स सपाट शिवू नये, शिडाला किंचित पोट हवे. त्यासाठी पट्ट्या कापून कडेला थोडी गोलाई ठेवून जोडाव्या लागतात.

गाडीला ब्रेक बहुधा नसतो. थांबायचे तर शिडाची दोरी सोडायची आणि तोंड वाऱ्याकडे वळवायचे, शीड फडफडू लागते आणि गाडी थांबते. म्हणून शिडाची दोरी कप्पीतून सरळ हातात यावी. ती सांगाड्याला गाठ मारून बांधणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

उलटण्याचा धोका किती?

कागदावरच मोजता येतो. शीड चार चौरस मीटरचे धरू. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर साधारण ८ किलोचा जोर येतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे ३३ किलोच्या आसपास. तो जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर लागतो, असे समजा. गुणाकार येतो सुमारे ५३. आता दुसरी बाजू. गाडी आणि चालक मिळून ११० किलो, मागच्या चाकांत अंतर दीड मीटर आणि वजनाचा मध्य उलटण्याच्या रेषेपासून अर्धा मीटर आत. गुणाकार ५५. म्हणजे गाडी काठावर आहे. अंगावरचा वारा ४५वर गेला की आकडा ६७ होतो आणि चाक उचलते. उपाय दोनच, मागची चाके आणखी रुंद किंवा शीड लहान. जड गाडी बनवणे हा तिसरा उपाय सुचतो, पण मग ती हलतच नाही. हेल्मेट आणि पट्टा अर्थातच हवा. पट्टा नसेल तर उलटताना माणूस आधार म्हणून हात बाहेर काढतो आणि तोच हात मोडतो.

मग चालवायची कुठे?

खरी अडचण हीच. आपल्या भागात वारा जोरात असतो तो जून ते ऑगस्ट आणि तेव्हा शेतशिवार चिखलात असते. घट्ट कोरड्या जमिनीवर ११० किलोच्या गाडीला दोन-तीन किलोचा विरोध होतो, भुसभुशीत मातीत तो दहा-वीस किलोंवर जातो. ८ किलोचा जोर तिथे काय करणार?

वनकुसवडे, चाळकेवाडी ही पठारे सपाट आहेत, वारा भरपूर आहे, पाणीही लवकर ओसरते. तरीही तिथे चाक घालू नये. सड्यावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यातच दवबिंदू, सीतेची आसवे अशी फुले येतात. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले ते अशाच वैभवामुळे. टायरचा एक चर तिथे वर्षानुवर्षे राहतो. कराडच्या विमानतळाची धावपट्टीही डोळ्यांपुढे येईल, तिचे नावही काढू नये.

राहतात दोन जागा. एक पूर्वेकडची, कवठेमहांकाळ आणि जतचे माळ. ढालगावच्या परिसरात पवनचक्क्या उगाच नाहीत, पावसाळी वारा तिथे पोचतो आणि पाऊस कमी असतो. अडथळे म्हणजे मुरूम आणि बाभळीचे काटे. आटलेल्या तलावाचा तळ मोहक दिसतो, पण काळ्या मातीच्या भेगेत चाक अडकते. गायरानावर जायचे तर ग्रामपंचायतीला आधी सांगावे. शेतावरून लोंबणाऱ्या विजेच्या तारांपासून डोलकाठी दूर ठेवावी, ॲल्युमिनियमची असेल तर विशेषच.

दुसरी जागा कुंभार्ली घाट उतरून कोकणात, गुहागरसारख्या लांब किनाऱ्यावर. किनारा दक्षिणोत्तर आणि फेब्रुवारी ते मे या काळात दुपारचे खारे वारे पश्चिमेकडून. म्हणजे जाताना आणि येतानाही वारा आडवाच मिळतो. ओहोटीची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते. वेळ काढायला कोळ्यांचा हिशोब पुरतो. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वादशीला ९ वाजता भरती, म्हणून सव्वातीनच्या सुमारास ओहोटी, ऐन वाऱ्याच्या वेळी. मात्र अनेक किनाऱ्यांवर वाहनांना बंदी आहे आणि याच महिन्यांत कोरड्या वाळूत कासवांची घरटी असतात. स्थानिक प्रशासन आणि वनविभागाची परवानगी घेऊन, ओल्या पट्ट्यातच आणि गाडी उचलून तिथवर नेऊन चालवावी. पहिली फेरी अर्ध्या शिडावर, पर्यटक नसतील अशा टोकाला.