फिजिक्ससाठी कॉलेज निवडताना: ऐकावं कुणाचं, बघावं काय?



आजचा विषय तसा व्यवहाराचा आहे. बारावी सायन्स झालेल्या मुलाला किंवा मुलीला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचंय, घरची ऐपत बेताची, तर कॉलेज कसं निवडायचं? तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचा यात काय संबंध? संबंध आहे. 'हे कॉलेज चांगलं' असं आपण म्हणतो, ते आपल्याला कशावरून कळलं, हा प्रश्न आमच्याच शास्त्रातला. न्यायदर्शनात यथार्थ ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रवेशाच्या गडबडीत आपण शेवटच्या एकावरच भागवतो. कुणीतरी सांगितलं, बोर्डावर वाचलं, झालं.

आधी 'चांगलं' म्हणजे कशासाठी चांगलं, ते ठरवू. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेतो. मुंबईत कुलाब्याला वेधशाळा होती. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं नियमित घेतली जात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेनं चुंबकाचं मोजमाप बिघडलं असतं. म्हणून नानाभॉय मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, हे काम अलिबागला आणलं. शांत जागा आणि लोखंड टाळून बांधलेली इमारत. शहर म्हणून मुंबईच मोठी, पण त्या कामाला अलिबाग योग्य. कामाला काय लागतं ते आधी पाहिलं, आणि मग जागा ठरवली. कॉलेजचंही तसंच आहे.

फिजिक्स शिकायला काय लागतं? शिकवणारा, प्रयोगशाळा, गणिताची जोड आणि वेळ. त्यामुळे कॉलेजच्या ऑफिसात पहिला प्रश्न हा विचारा: फिजिक्स हा मुख्य विषय तिसऱ्या वर्षापर्यंत चालतो का? गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला किती मुलं होती? आपल्याकडे रोह्याचं धाटाव आहे, महाड आहे. केमिकल कारखान्यांमुळे ओढा केमिस्ट्रीकडे. लहान कॉलेजात फिजिक्सला मुलं कमी पडली की पुढे 'केमिस्ट्री घे' असं सांगितलं जाऊ शकतं. केमिस्ट्री वाईट नाही हो, पण ज्याला फिजिक्स हवंय त्याची ती तीन वर्षं परत येत नाहीत. जोडीला गणित मिळतं का, हेही तेव्हाच विचारा.

आता 'शब्द'. न्यायदर्शन म्हणतं, शब्द प्रमाण कधी? तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. (हशा) ज्याला विषय खरोखर माहीत आहे आणि जे माहीत आहे तेच जो सांगतो, तो आप्त. या कसोटीवर जाहिरात आप्त नाही. नॅकची श्रेणी उपयोगी आहे, पण ती सगळ्या कॉलेजला मिळते, फिजिक्स विभागाला वेगळी मिळत नाही. तिथे तिसऱ्या वर्षाला शिकणारा मुलगा मात्र आप्त आहे. त्याला विचारा, पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? वर्षाच्या मधेच शिक्षक बदलतात का?

मग 'प्रत्यक्ष'. एक दिवस काढा आणि प्रयोगशाळा दाखवा म्हणून विनंती करा. स्पेक्ट्रोमीटर दोघांत एक आहे की दहा जणांत एक? ऑसिलोस्कोप चालू आहे की कपाटात? मुलं स्वतः रीडिंग घेतात की जुन्या जर्नलमधून उतरवतात? ग्रंथालयात रेझनिक-हॅलिडे, फाइनमन ही पुस्तकं मागा आणि मागची तारखांची चिठ्ठी बघा. पुस्तक घरी नेलं जातं का, ते त्या चिठ्ठीवर कळतं.

'उपमान' म्हणजे साम्यावरून कळणं. एक नांदती प्रयोगशाळा आधी पाहिली असेल, तर दुसरी ओळखता येते. म्हणून किमान दोन कॉलेजं बघा. आणि 'अनुमान' निकालावरून करायचं, पण टक्क्यांवरून नको. इथली मुलं पुढे एम.एस्सी.ला कुठे गेली, जॅम परीक्षा कुणी दिली का, ते विचारा.

आता पैसा. अनुदानित तुकडीत मंजूर शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. एकाच कॉलेजात काही अभ्यासक्रम अनुदानित आणि काही विनाअनुदानित असतात, म्हणून तुमच्या तुकडीचं विचारा. पण नुसती फी पाहू नका. समजा, शहरातल्या कॉलेजची फी ८,००० आहे, पण खोली आणि मेस महिन्याला ७,०००. दहा महिन्यांचे ७०,०००, एकूण ७८,०००. जवळच्या कॉलेजची फी ३०,०००, एसटीचा पास वर्षाला १०,०००, एकूण ४०,०००. आकडे कल्पित आहेत, हिशेबाची रीत खरी. एसटीच्या विद्यार्थी पासाला भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो. मात्र पालीहून खोपोली, रोहा, अलिबाग की पनवेल, हे ठरवताना प्रॅक्टिकल किती वाजता संपतं आणि परतीची गाडी कधी, हेही कागदावर लिहा. रोज चार तास गाडीत गेले, तर तोही खर्चच.

शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. मागासवर्गीयांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा. आयसरची किंवा नेस्टची प्रवेशपरीक्षा झेपत असेल तर जरूर द्या. नाही जमलं तरी दारं बंद होत नाहीत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम पदवीच्या मुलांसाठीच आहे. 'स्वयम'वरचे अभ्यासक्रम घरबसल्या फुकट ऐकता येतात. भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय तर आपल्या नवीन पनवेललाच आहे.

एक चिठ्ठी आली आहे: 'मुलीला फिजिक्स आवडतं, पण लांब पाठवायला घरचे तयार नाहीत. जवळ मिळेल ते करू दे का?' मी म्हणेन, आधी लांबच्या आणि जवळच्या, दोन्ही कॉलेजांत तिला घेऊन जा. वसतिगृह बघा, तिथल्या मुलींशी बोला. जवळच्या कॉलेजात फिजिक्स तिसऱ्या वर्षापर्यंत असेल, शिक्षक टिकून असतील, प्रयोग हातानं होत असतील, तर जवळचं घ्या, त्यात कमीपणा नाही. पण तिथे विषयच नसेल, तर 'जवळ मिळेल ते' हा तिचा विषय बंद करण्याचा निर्णय ठरतो. तो घ्यायचा असेल तर तिला समोर बसवून, तिचं ऐकून घ्या. अर्जाची मुदत संपायच्या आत दोन कॉलेजं बघून व्हायला हवीत, एवढं मनावर घ्या.