बंदीच्या छायेतील निषेधकला : पॅरिस, २०१५

आंतरराष्ट्रीय परिषदांना प्रत्युत्तर म्हणून मांडल्या जाणाऱ्या निषेधकलेचा विचार बहुधा आशयाच्या अंगाने होतो. कलाकृती कोठे व कोणत्या निर्बंधाखाली उभी राहिली, हा प्रश्न दुय्यम मानला जातो. पॅरिस येथे ३० नोव्हेंबर ते १२ डिसेंबर २०१५ या काळात भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेच्या संदर्भात मात्र तो टाळता येत नाही.

१३ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांत १३० जणांचा बळी गेला. फ्रान्समध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि २९ नोव्हेंबरच्या नियोजित मोर्चावर बंदी आली. त्या दिवशी प्लास द ला रेपुब्लिक या चौकात मोर्चेकऱ्यांऐवजी हजारो पादत्राणे मांडण्यात आली. पोप फ्रान्सिस यांच्या वतीनेही एक जोड ठेवला गेला. पादत्राणांवरून चालणाऱ्याचा बोध होणे ही लक्षणेची परिचित क्रिया होय. येथे मात्र लक्षणेला आवश्यक असलेला मुख्यार्थाचा बाध जणू शासकीय आदेशानेच घडवून आणला होता. माणसे येणार होती आणि त्यांना येऊ दिले नाही, हे ठाऊक असणाऱ्यालाच त्या मांडणीचा अर्थ लागत होता. शिवाय याच चौकात हल्ल्यातील मृतांसाठी फुले व मेणबत्त्या वाहिल्या जात होत्या. त्यामुळे रिकाम्या पादत्राणांतून मृतांचाही अर्थ ध्वनित झाला. तो मांडणाऱ्यांना कितपत अभिप्रेत होता, हा प्रश्न वेगळा.

‘ब्रँडॅलिझम’ या गटाचा मार्ग विडंबनाचा होता. १९ देशांतील ८२ कलावंतांची ६०० भित्तिपत्रके बसथांब्यांवरील जाहिरातपेट्यांत विनापरवाना लावली गेली. परिषदेच्या प्रायोजकांत असलेल्या एअर फ्रान्ससारख्या कंपन्यांच्या जाहिरातींचे रूप तसेच राखून आशय उलटविण्यात आला होता. थांब्यावरचा प्रवासी पहिल्या दृष्टिक्षेपात फसणे, हीच या भित्तिपत्रकांची खरी कसोटी.

ओलाफर एलियासन व भूशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांची ‘आइस वॉच’ याहून निराळी. ग्रीनलंडमधील १२ हिमखंड पँथेआँसमोर घड्याळाच्या आकारात ठेवले गेले आणि लोकांच्या देखत वितळू दिले गेले. येथे काहीच सूचित करावयाचे नव्हते. घटनाच समोर होती. परंतु या कलाकृतीस परवानगी होती, धनिक प्रतिष्ठानाचे पाठबळही होते. एखाद्या प्रतिनिधीने बर्फाला हात लावून निश्चिंतपणे सभागृहाकडे वळावे, यास तिचा विरोध नव्हता. हीच कलाकृती २०१८ मध्ये लंडनला टेट मॉडर्नसमोर पुन्हा मांडता आली. रेपुब्लिक चौकातील पादत्राणे अन्यत्र मांडली असती, तर त्यांच्यासोबत ती बंदी तेथे नेता आली नसती.