घरमालकाच्या बाजूने कोण वाचणार?

परवा २६ मार्चला, कथाकार बाबूराव बागुलांच्या स्मृतिदिनी, नाशकातल्या एका वाचनकट्ट्यावर ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा वाचली गेली. ‘किती अस्वस्थ करणारी!’ यावर लगेच एकमत झालं आणि मंडळी चहाकडे वळली. ते एकमत मला झोंबलं.

याच नावाचा संग्रह १९६३चा. तेव्हाच्या गदारोळावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिलंय, पुढच्या दलित पँथरच्या काळावर तर ग्रंथच आहेत. ते उगाळत नाही. मला आठवतं ते ऐंशीचं दशक. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न धुमसत होता आणि आमच्या वर्गात पंचवटीतल्या पुरोहिताचा मुलगा, नाशिकरोडच्या प्रेस कामगाराचा मुलगा आणि सुरगाण्याहून वसतिगृहात आलेला एक आदिवासी मुलगा, असे सगळे होते. तिथेही हीच कथा चर्चेला आली.

कथेतला तरुण सुरतेला रेल्वेत लागतो, खोलीसाठी जात लपवतो, उघडी पडल्यावर मार खातो. पंचवटीकर म्हणाला, खोटं बोलून घरात शिरला, हे चुकलंच. प्रेसवाल्याचा मुलगा उसळला: ह्याने उलटा हात का नाही उचलला? सुरगाण्याचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, असल्यांच्या शेजारी राहायचंच कशाला?

भांडण आठवडाभर चाललं. त्यात कळलं की १९३०च्या काळाराम मंदिरप्रवेश सत्याग्रहात एकाचा आजा दाराबाहेर होता, दुसऱ्याचा दाराआड. बाबूरावांचा जन्मही त्याच सालचा, नाशिकरोडजवळच्या विहितगावचा. आमचे एक प्राध्यापक मात्र ‘भडक’ या एका शब्दात कथा निकालात काढत. त्यांना बागुलांची भाषा खटकायची. मारहाण खटकल्याचं कधी ऐकलं नाही.

तसे वाद आता होत नाहीत. कथा ‘रिलेट होते’ किंवा होत नाही, एवढ्यावर काम भागतं. आणि बागुलांची कथा म्हटली की सगळेच त्या तरुणाच्या बाजूला जाऊन बसतात. घरमालकाच्या ओसरीवर कुणीच नसतं. मग याच शहरात खोली बघायला गेलं की भाड्याआधी आडनाव विचारणारे कोण असतात? ते काय कथा वाचतच नाहीत?

वाचनकट्टे चालवणाऱ्यांना एकच विनंती: पुढच्या वेळी ही कथा घ्याल तेव्हा ज्यांचे फ्लॅट भाड्याने द्यायचे आहेत, त्यांनाही बोलवा. आणि चहा जरा उशिरा ठेवा.